काजरगडच्या किल्लेदाराचा वंशज

८ जानेवारी १९६८
साकीनाक्याच्या आमच्या कारखान्याची ट्रिप रविवारी २१ तारखेला काजरगडावर. तिथला शेवटचा किल्लेदार माझा पूर्वज, असं ऑफिसात जाहीर केलं. आडनाव तेच आहे. टायपिस्ट सुलक्षणाने मशिनवरून मान वर केली. प्रथमच! यापुढे मला किल्लेदार म्हणा, असं सर्वांना सांगितलं. कुणी म्हटलं नाही.

१० जानेवारी
आईला विचारलं. तुझो आजो होडयेर तांडेल होतो, गडार कित्याक जातलो, म्हणाली. आईला इतिहासाची जाण नाही.

१४ जानेवारी
पहाटे आरे कॉलनीच्या टेकडीवर चढायचा सराव. नऊला उठलो. दुधाच्या स्टॉलपर्यंत गेलो. तिथून टेकडी नीट पाहिली. सोपी आहे.

१६ जानेवारी
लायब्ररीत घोटाळा सापडला. इंग्रज पायथ्याशी येताच किल्लेदाराने एकही गोळी न झाडता गड खाली करून दिला! अट एकच: भांडीकुंडी आणि लोणच्याच्या बरण्या सोबत नेऊ द्याव्यात. मुत्सद्दी माणूस. तरी भाषणात हा भाग नको. पुस्तक घरी आणलंय, परत करणार नाही.

१९ जानेवारी
सुलक्षणाचे वडील ट्रिपला येणार. तुलाच बघायला येतायत रे, म्हणाला डिस्पॅचचा नंदकुमार. जळतो. रविवारी गडावर भाषण, खाली उतरेपर्यंत होकार.

२१ जानेवारी, संध्याकाळ
फेटा बांधून, झेंडा घेऊन सर्वांत पुढे मी. भाषण पायथ्याशीच सुरू केलं. पूर्वज शेवटच्या श्वासापर्यंत लढले, यावर सुलक्षणाच्या वडिलांनी डोळे पुसले. झकास!
पहिल्याच चढावर पोटरीत गोळा आला. बूट नवे. सैन्य अडू नये म्हणून झेंडा नंदकुमारच्या हाती दिला. तो पिशवीही मागत होता. दिली नाही. तीत आईचे वडे, कोंबडी आणि लोणच्याची बरणी होती. करवंदीच्या जाळीशी बसून पायथा राखला. जेवलो.
मंडळी हसतच उतरली. गडाच्या दरवाजात पाटी आहे म्हणे, सगळा इतिहास लिहिलेली. असल्या गोष्टी उघड्यावर कशाला लावतात? सुलक्षणाच्या वडिलांनी माझी पिशवी उघडून पाहिली आणि बरणी सुखरूप आहे ना, असं विचारलं.

२२ जानेवारी
सुलक्षणा म्हणाली, बाबा नाही म्हणतात. तुझं काय, विचारलं. माझंही तेच, म्हणाली आणि टाइप करू लागली. फार वाईट वाटलं. डबा अर्धा टाकला.
सगळा कारखाना आता मला किल्लेदार म्हणतो. वॉचमनसुद्धा.