माळवदावरून देवयानी

आश्विन वद्य ३, शके १८४२. धारूर. संध्याकाळी.
चांदणं ओसरू लागलं. आता काम सुरू. संकल्प लिहून ठेवतो, म्हणजे माझं मलाच फिरवता येणार नाही. कार्तिकी पौर्णिमेच्या आत देवयानी तारकापुंजातल्या तेजोमेघाचा फोटो काढायचा. नुसत्या डोळ्यांना तो पिंजलेल्या कापसाचा बारीक झुपका दिसतो. विलायतेत मात्र विद्वान त्याच्यावरून हातघाईला आलेत, की हा ढग नसून आपल्यासारखंच दुसरं विश्व आहे, सूर्यांनी भरलेलं. आमच्याकडे हातघाई फक्त बांधावरून.

आज चावडीवर बोलून बसलो. बबनराव, गावचा जमीनदार (बाप सगळं ठेवून गेला, अक्कल तेवढी बरोबर घेऊन गेला), म्हणे, मुन्शी, आभाळ काय पळून चाललंय व्हय, कावून त्याचा फोटू काढता? सगळे खिदळले. कचेरीत माझ्याकडून दरख्वास्ती लिहून घेणारेसुद्धा. मी म्हणालो, पौर्णिमेला इथंच फोटो दाखवीन, नाहीतर कॅमेरा तुमच्या पायावर ठेवीन, बैलांचे फोटो काढत बसा. राग आला की माझं तोंड माझ्या पुढं धावतं. हरकत नाही. काम सोपं आहे.

आश्विन वद्य ६.
यंत्र घराच्या वर, माळवदावर चढवलं. पितळी दुर्बीण, तिच्या पाठीवर कॅमेरा, खाली लाकडी बैठक, बैठकीला स्क्रू. आभाळ सरकतं, म्हणून कॅमेऱ्यातली काचेची प्लेट उघडी असेपर्यंत कोणीतरी दुर्बिणीला डोळा लावून एक चांदणी आतल्या बारीक तारांच्या फुलीवर धरून बसायचं. ती सरकली की स्क्रू फिरवायचा. हे हमालीचं काम. ते मेहुण्याला दिलं. सुग्रीव दसऱ्याला म्हणून आला तो अजून इथंच आहे. भाकरी मोडतो, तर स्क्रूही फिरवील.

त्याला सगळं दोनदा समजावलं. समजलं का विचारलं. म्हणे, दाजी, लई सोपं हाय. माझेच शब्द, पण त्याच्या तोंडून ऐकून अंगावर काटा आला.

आश्विन वद्य ७. सकाळी.
पहिली प्लेट कोरी. लेन्सवरचं झाकण काढायचं राहिलं. काढायचं माझ्याकडे होतं, पण आठवण करायचं सुग्रीवला सुचायला नको? त्याला तसं बोललो तर म्हणे, मला वाटलं झाकणाचाबी काय नेम असंल.

आश्विन वद्य ८.
खरा शत्रू सापडला. सुग्रीव नव्हे. आकाशदिवा.
शेजारच्या भिवराबाईने कोजागिरीपासून अंगणात उंच वेळू पुरून त्यावर दिवा चढवलाय. कामट्यांचा सांगाडा, तेल लावलेला पांढरा कागद, आत वात. गावात इतरही घरी आकाशदिवे आहेत, पण ते वीतभर काठीवर, मुकाट. हिचा वेळू आमच्या माळवदाच्या वर जातो आणि दिवा नेमका ईशान्येला, देवयानीच्या उंबऱ्यात. सारा प्रकाश लेन्समध्ये. मोठ्या शहरांत ज्योतिषी ढगांशी झुंजतात. मी शेजारणीशी.

आश्विन वद्य ९.
भिवराबाईकडे जाऊन नीट सांगितलं. बाई, मेलेल्या माणसाला दिवा लागत नाही, जिवंत माणसाला अंधार लागतो. महिनाभर दिवा खाली ठेवा.

तिचा एकुलता एक मुलगा रामकिसन दोन वर्षांमागे मानमोडीच्या साथीत गेला. तेव्हा एकेका दिवशी इतकी माणसं जात होती की जाळायला लाकूड मिळेना. हे मलाही माहीत आहे. पण दोन वर्षं झाली. तर बाई म्हणे, भाऊ, दिवा न्हाई लावला तर त्याला घर कसं घावंल? त्याला रात्री वाट चुकायची सवयच हाय. मग विषय बदलून म्हणे, त्याचं तोंड आता धड आठवत न्हाई, नाक आठवतं तर डोळे जातात. तुमच्यापाशी फोटूची पेटी हाय, तवा एक काढला असता तर.

आता यात माझा काय संबंध? तेव्हा ती मागायला आली होती, मी नाही म्हणालो होतो. प्लेटा हैदराबादहून मागवाव्या लागतात, गवतात गुंडाळून, बैलगाडीने. त्या काय आल्यागेल्याच्या नाकडोळ्यांसाठी असतात? शास्त्राला भाव नाही या गावात.

आश्विन वद्य १०.
पोलीस पाटलाकडे अर्ज दिला. मजकूर उत्तम उतरला. ‘उंचावरील जळता दिवा वाऱ्याने पडून कडब्याच्या गंजी पेटण्याचा अंदेशा आहे.’ शास्त्राचं नाव काढलं नाही. पाटील रामहरी वाचून म्हणे, आजवर कधी गंज पेटली न्हाई. मी म्हणालो, पेटल्यावर कागद तुमच्या नावाने वर जाईल. त्याने संध्याकाळीच दिवा उतरवायला लावला. बाईने स्वतःच दोरी सोडली म्हणे.

आमच्या कुटुंबाने मात्र तोंड फुगवलंय. मुक्ताबाईचं म्हणणं, पोराच्या नावाचा दिवा उतरवणाऱ्याच्या ताटात मीठ कशाला. वरण खरोखरच अळणी होतं. खाल्लं. थोर कामाला असे अडथळे यायचेच.

आश्विन वद्य ११. सकाळी.
काल रात्री फोटो झाला!
हवा स्वच्छ. ईशान्य काळीशार. मी स्वतः देवयानी धरली, शेजारची एक ठळक चांदणी फुलीवर आणून दिली, झाकण काढलं (मी, स्वतः) आणि खाली येऊन निजलो. बोटं गारठली तर पुढच्या कामाची हानी. दिशा देणं माझं, राबणं सुग्रीवचं.

सुग्रीव आज भलताच खूश. म्हणे, दाजी, मधी डुलकी लागली, डोळा लावला तर चांदणी गायब. पुन्ना हुडकली. ही तर पयल्यापेक्षा ठळक घावली. आन गुणाची इतकी, की हाललीच न्हाई. पहाटेपर्यंत स्क्रूला हात लावायचं काम पडलं न्हाई.

याला म्हणतात बैठक पक्की असणं. सुतार मी निवडला होता.

धनत्रयोदशी. दुपारी.
धान्याच्या बळदात लाल कंदील घेऊन प्लेट धुतली. प्लेटच्या मधोमध भला मोठा लांबट काळा डाग (प्लेटवर उजेड काळा उमटतो)! डोळ्यात पाणी आलं. मुक्ताबाईला हाक मारली. ती बळदाच्या तोंडाशी आली, प्लेटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि करंज्या जळतील म्हणून गेली. बायकांना दुसऱ्या विश्वाचं काय.

कार्तिक शुद्ध ४.
उन्हात कागदावर छाप घेतला. भिंगाखाली तासन् तास पाहिला. उजेडाच्या आत आखीव रेघा आहेत, वरून खाली वळत जाणाऱ्या. विलायतेच्या मोठ्या दुर्बिणींना जे भोवरे दिसतात तेच हे, पण माझे जास्त सरळ. एका बाजूला चौकोनी काळपट डाग. हा कोणीच नोंदवलेला नाही. माझ्याच नावावरून ‘गहिनीनाथाची खिडकी’ असं सुचतंय. सुचतंय म्हणजे ठरलं.

आजूबाजूला तारे नाहीत, रेघोट्या आहेत. तो कागदाचा दोष.

कार्तिक शुद्ध १५. रात्री.
लिहावंसं वाटत नाही. लिहितो.
चावडीवर सारा गाव. गॅसबत्ती मागवली होती, माझ्या खर्चाने. फोटो फळीवर लावला आणि विश्वाच्या पसाऱ्यावर बोललो. भोवरे दाखवले. खिडकी दाखवली. बबनराव तोंड उघडं टाकून पाहत होता. त्याचं तोंड पाहून वीस दिवसांचं अळणी वरण गोड झालं.

तेवढ्यात बायकांतून भिवराबाई पुढे आली. फळीशी गेली आणि खिडकीवर बोट ठेवलं. म्हणे, ही चिकटी मी लावलीया. कागद उंदरानं कुरतडला व्हता, म्हणून जुन्या पत्रिकेचा तुकडा डकवला. मग भोवऱ्यांवर बोट फिरवत, आन या माझ्या कामट्या.

मी म्हणालो, बाई, तुमचा दिवा हुकमाने खाली होता. तर मुक्ताबाई, माझी मुक्ताबाई, भर चावडीत म्हणे, तुमी निजल्यावर रोज मीच चढवायला सांगत व्हते, पहाटं उतरवायला लावत व्हते.

सुग्रीव म्हणे, तरीच हालत नव्हती.

आता बबनराव हसणार म्हणून मी मान खाली घातली. हसला नाही. कोणीच हसलं नाही. भिवराबाई फोटो फळीवरून काढून छातीशी धरून रडत होती. मोठ्याने, लाज न बाळगता. घेऊन गेली. मला कोणी विचारलंही नाही. बबनराव उठताना म्हणाला, कॅमेरा राहू द्या तुमच्यापाशीच. हे शब्द हसण्यापेक्षा लागले.

कार्तिक वद्य १.
सकाळी फोटो परत आणायला गेलो. सडकून बोलायचं ठरवलं होतं. छाप माझा, कागद माझा, मेहनत माझी. सुग्रीवचीही थोडी.

देव्हाऱ्यात मांडलाय. वर हळदकुंकू वाहिलंय, पुढे भाकरीचा नैवेद्य. शेजारच्या बाया दर्शनाला येऊन गेल्या होत्या. रामकिसनचा फोटो म्हणून.

मी म्हणालो, बाई, हा दिवा आहे, माणूस नव्हे. म्हणे, ठावं हाय मला, मी काय येडी न्हाई. पण त्याच्याच नावाचा हाय ना. रात्रभर धरून ठिवला तुमच्या पेटीनं. मग मला पाट दिला आणि विचारलं, भाऊ, तुमाला खरा काढायचा व्हता तो उजेड किती लांब असतो?

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. उत्तराची तयारी आयुष्यभर केलेली. किती तरी आकडे तोंडाशी आले. मी म्हणालो, फार लांब. तिथून निघालेला उजेड इथं पोचेस्तोवर इथली माणसं राहत नाहीत.

तिने नैवेद्याची भाकरी फोटोकडे जरा सरकवली. मग म्हणे, तरी निघतो तो.

मी होय म्हणालो. फोटो मागायचा राहिला. घरी आलो. मुक्ताबाईने ताट वाढलं होतं. वरणात मीठ होतं. मला जेवण गेलं नाही.