किल्डोरनच्या फाटकावरचा पहारा

१० ऑक्टोबर १९५६, बुधवार

दुपारी दोनच्या बसने किल्डोरनला पोहोचलो. सामान: कॅमेरा, तिपाई, फोटो उतरवायच्या काचांच्या दोन पेट्या, एक बॅग. पाऊस थांबला होता आणि डोंगरावर स्वच्छ ऊन पडले होते. असा उजेड या दिवसांत क्वचितच मिळतो. उतरल्या उतरल्या मला बरे वाटले. एप्रिलनंतर पहिल्यांदाच.

जेसी मकॅस्किलबाईंकडे माळ्यावरची खोली घेतली आहे. स्वयंपाकघरामागची भांडी घासायची खोली त्यांनी मला काचा धुवायला दिली. खिडकीला काळे कापड लावून झाले.

अकरा वर्षे माझी बायको मार्सली आणि मी तीन परगण्यांतली जुनी घरे, गढ्या आणि पडके मठ टिपत हिंडलो. चित्रे माझी, टिपणे तिची. आता एवढी एक दरी राहिली आहे: वरची गढी, जमीनदाराचे घर आणि मठ. नाताळापर्यंत पुस्तक छापखान्यात द्यायचे आहे. मार्सली याच गावची. एप्रिलमध्ये तिला मठाच्या आवारातच पुरले.

११ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी गढी. छप्पर नाही, पण जिना शाबूत आहे. आठ काचा घेतल्या, सगळ्या चांगल्या उतरल्या.

जेवताना बाईंचे थोरले भाऊ टॉर्मोड भेटले. चाळीस वर्षे त्यांनी इथे कबरी खणल्या. मी डंडीचा, म्हणून मला त्यांनी लगेच डंडीकर करून टाकले. दगडांचे फोटो काढण्यात काय मजा, असे विचारले आणि उत्तरही स्वतःच दिले: "दगड मध्येच बोलत नाहीत, नाही का डंडीकर? आमची मार्सली बोलायची." बाई म्हणाल्या, "तोंड आवर, टॉर्मोड, आणि हेरिंग मासा खा. थंड झालं तर मला बोल लावशील." मला राग आला नाही. तिचे नाव कोणी सहज घेतलेले बरे वाटले.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

मठ. आधी तिच्याकडे गेलो. गवत उगवले आहे. दगड अजून बसवलेला नाही.

मग आवाराचे फाटक टिपले. अशा ठिकाणी मी भिंगाचे तोंड अगदी बारीक करून काच चार मिनिटे उघडी ठेवतो. मेंढ्या, वाटसरू, जे हलते ते उमटत नाही. फक्त इमारत राहते.

संध्याकाळी काच धुतली. फाटकात एक बाई उभी आहे. पाठ माझ्याकडे, तोंड रस्त्याकडे. मी तिथे होतो तेव्हा फाटकात कोणी नव्हते. आणि उमटायचे तर चार मिनिटे न हलता उभे राहावे लागते.

तिचा सगळा भार उजव्या पायावर आहे. मार्सलीचा डावा खुबा अधू होता.

१३ ऑक्टोबर, शनिवार

काच टॉर्मोडना दाखवली. त्यांनी बराच वेळ खिडकीपाशी धरली. मग विचारले, "तुला कोणी सांगितलंच नाही?"

या दरीतली रीत अशी. शेवटी पुरलेल्या माणसाने आवाराच्या फाटकावर पहारा करायचा. पुढचा मृत आला की तो पहारा घेतो आणि आधीचा जाऊन निजतो. म्हणून एका दिवशी दोन प्रेतयात्रा निघाल्या की जो तो आधी आत शिरायला धडपडतो. मागे फाटकात मारामाऱ्याही झाल्या आहेत.

मला एप्रिलचा तो दिवस आठवला. आम्ही वळणावर आलो आणि पलीकडच्या रस्त्याने म्हाताऱ्या फारखर मक्रेची शवपेटी आली. ती माणसे चक्क धावू लागली. मला ते फार अशोभनीय वाटले. मी आमच्या लोकांना थांबवले, टोपी काढली आणि हाताने त्यांना आधी जाण्याची खूण केली. आमच्यातले दोघे काही बोलू पाहत होते, त्यांनाही मीच गप्प केले. त्या दिवसातली तेवढीच एक गोष्ट मी नीट केली, असे मी सहा महिने समजत होतो.

मे महिन्यात आवार भरले म्हणून बंद झाले. आता दफने खालच्या नव्या जागेत होतात.

मी विचारले, मग तिच्यानंतर कोण? टॉर्मोड म्हणाले, "तिची जागा मीच खणलीय. दोघांपुरती खोल. वरची तुझी." बाई ओरडल्या, "अरे, माणूस जेवतोय!" टॉर्मोड हसले नाहीत. म्हणाले, "त्यानेच विचारलं ना?"

१४ ऑक्टोबर, रविवार

आज कॅमेरा बाहेर काढायचा नाही, हे बाईंनी बजावले होते. चर्चला जाताना फाटकावरून गेलो. कोणी दिसले नाही. गावंढळ समजूत आहे, असे स्वतःला सांगितले. परत येताना मात्र सगळ्यांच्या मागे राहिलो आणि फाटकाशी टोपी काढली.

१५ ऑक्टोबर, सोमवार

दोन काचा, दोन्ही फाटकाच्या. सकाळच्या काचेत तिने गज धरले आहेत. दुपारच्या काचेत ती गजांवर ओणवली आहे, मान खाली. गढीच्या आठही काचा पुन्हा पाहिल्या. तिथे कोणी नाही. तिला फाटक सोडता येत नाही.

कुठल्याही पडक्या घरात गेलो की ती आधी बसायला दगड शोधायची. पाच मिनिटे बसू दे, म्हणायची. मी म्हणायचो, उजेड जाईल.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

पाऊस. बाई म्हणाल्या की गुरुवारच्या बसने मी जावे, उरलेले फोटो दुसरे कोणीही काढील. दुपारी पाऊस थोडा कमी झाल्यावर एक काच घेतली.

ती वळली आहे. भिंगाकडे बघते आहे.

मार्सलीने मला कधी शब्दाने दुखवले नाही. हा चेहरा मी कधी पाहिलेला नाही. तोंड उघडे आहे. चार मिनिटे उघडेच होते.

मला भीती वाटली. माझ्या बायकोची.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

बस जाऊ दिली.

तीन वाजता तिपाई लावली, भिंग उघडले आणि स्वतःच जाऊन फाटकात उभा राहिलो. मोठ्याने म्हणालो, बस तू थोडी. मी आहे. घड्याळाने चार मिनिटे मोजली. खांद्याला गार लागले, मग थांबले.

काच धुतली. फाटक रिकामे. ती गेली! सुटली. स्वयंपाकघरात जाऊन पोटभर जेवलो. बाईंनाही सांगितले.

सात वाजता: मी उभा होतो. चार मिनिटे, न हलता. काचेत मीही नाही.

१९ ऑक्टोबर

टॉर्मोड आले. मला पाहून त्यांनी टोपी काढली. थट्टा नाही. डंडीकर म्हणाले नाहीत, मिस्टर गिल्क्रिस्ट म्हणाले. पहारा हातात घेतला की घेतला, पुढचा येईपर्यंत तो देता येत नाही, असे म्हणाले. मी म्हणालो, इथे पुढचा कोणी येणार नाही. ते म्हणाले, हो.

बसता येत नाही. गुडघे वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. हे उभ्यानेच लिहितो आहे, खिडकीच्या कठड्यावर. लापशी उभ्याने खाल्ली—

२० ऑक्टोबर

दुपारची बस थांबवली. चालक म्हणाला, चढा की, साहेब. पायरीवर पाय ठेवताच आला नाही. तो वाट पाहून निघून गेला. मी वळलो तेव्हा फाटकापर्यंत कसा आलो ते—

जमिनीखालून विचारतात. कोण आहे? सांगावे लागते. मग गप्प होतात. थोड्या वेळाने दुसरा विचारतो.

ती विचारत नाही. ती झोपली आहे. तेवढे तरी—

२१

रविवार असावा. घंटा झाली. बाई मागच्या वाटेने गेल्या.

घरी वहीसाठी आलो. लवकर परतायला हवे. फाटक मोकळे आहे आणि इथूनही ऐकू येते, कोण आहे, कोण—

घरात कोणी नाही. विस्तवावर राख ओढली. कोट घालतो आहे. वारा आहे, सगळी बटणे लावायला हवीत. वरचे लावले. दुसरे