राजाची बावीस पावलं

११ एप्रिल १८३७

आज पुन्हा विसरला! तिसरा अंक, सिंहासनासमोर. हात वर केला आणि तसाच थांबला. मी विंगेतून पुढचं वाक्य कुजबुजले तेव्हा कुठे राजेसाहेब बोलते झाले. पुढच्या बाकांवरचे होडीवाले खिदळले. म्हातारा आज कुठल्या प्रवेशात अडणार यावर त्यांच्या पैजा लागतात म्हणे — जिंकणाऱ्याला इतरांनी व्हिस्की पाजायची. मेले! माझ्या नवऱ्यावर पैजा!

घरी येताना अँब्रोज म्हणाला, "ड्रूसिला, रागावलीस?" म्हटलं, "नाही रे. मी आहे ना."

१९ एप्रिल

नवं थिएटर बघून आलो. विटांचं, दोन सज्जांचं! सेंट लुईस आता शहर झालं म्हणायचं. आम्ही आलो तेव्हा लोहाराच्या माडीवर खेळ करायचो. वर माझे प्रेमाचे संवाद, खाली घणाचे ठोके. मग अँब्रोज मुकुटासकट जिना उतरून लोहाराला "जरा दमानं घे की" असं विनवायचा. त्यानंतर हे मिठाचं जुनं कोठार. भिंतींना ओल, झग्यांवर पांढरे डाग. तरी माझा जीव आहे या जागेवर. इथे मी विंगेत बसले की अँब्रोज माझ्यापासून चार हातांवर असतो.

नव्या रंगमंचावर विंगेपासून सिंहासनापर्यंत बावीस पावलं भरली. दोनदा मोजली.

दोन वर्षांपूर्वीच्या तापात माझा आवाज बसला तो बसलाच. उरली नुसती कुजबुज. नायिका कसली होणार! मालक प्रुएट म्हणाले होते, "प्रॉम्प्टरच्या खुर्चीत बसा. पण गरज दिसली तरच ठेवीन." आणि त्याच महिन्यात अँब्रोजला विसरायला व्हायला लागलं. एकाच घरावर किती यावं!

बावीस पावलं माझी कुजबुज कशी पोचायची?

२४ एप्रिल

प्रुएट म्हणाले, "बाई, नव्या ठिकाणी प्रॉम्प्टर नको म्हणतोय. बाकी सगळ्यांचं पाठ असतं."

"आणि अँब्रोज?"

"बघू. नाहीच जमलं तर त्यालाही विश्रांती."

विश्रांती! चाळीस वर्षं रंगमंचावर उभा आहे तो. खाली उतरला तर महिन्याभरात खंगेल. मी त्याला यातलं काही सांगितलं नाही. तो मजेत मिशा चिकटवत होता.

२ मे

ताप. आज पहिल्यांदाच माझी खुर्ची रिकामी राहिली. अँब्रोज आला तो तोंड पाडून. "चारदा अडलो गं. तुझ्यावाचून माझं काही खरं नाही." मग मक्याची लापशी करून चमच्याने भरवली. करपली होती. मी सगळी खाल्ली.

३ मे

ताप उतरला. लगेच कामावर. त्याला एकटं सोडवत नाही.

९ जून

नव्या थिएटरचा पहिला खेळ.

प्रुएटांनी खुर्ची ठेवलीच नव्हती. मी पुस्तक घेऊन विंगेत उभी राहिले. तिसऱ्या अंकात अँब्रोज थांबला. मी कुजबुजले. मग घसा फुटेस्तोवर कुजबुजले! छे. सगळं थिएटर चिडीचूप.

आणि हा काय करतो? सिंहासनावरून उतरला, झगा सावरला आणि राजाच्या डौलात बावीस पावलं चालत माझ्याकडे आला. कानामागे हात धरून म्हणाला, "आमच्या प्रधानांचं काय मत आहे?" मी वाक्य सांगितलं. तेवढ्याच डौलात परत गेला आणि बोलला. होडीवाल्यांनी पाय आपटून थिएटर डोक्यावर घेतलं. प्रुएट मात्र लालबुंद. आता दोघांनाही काढणार!

१० जून

नाही काढलं!

"लोकांना म्हातारा हवाय," प्रुएट करवादले. "पण असली पायपीट मला रोज नको." सुतार बोलावलाय. रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक खड्डा, वर लाकडी टोप. त्यात मी, पुस्तक आणि मेणबत्ती. "तो आहे तोवर तुम्ही आहात, बाई."

अँब्रोजला सांगितलं तर त्याने मला उचलूनच घेतलं. या वयात! मग कंबर धरून बसला.

१४ जून

धक्क्यावर मासे घ्यायला गेले होते. गिडियन भेटला, तराफेवाला — पहिल्या बाकावरचा, पैजांचा म्होरक्या.

"बाई, खड्डा झाला म्हणे! बरं झालं. आता पुन्हा आजारी पडू नका बुवा."

"तुला रे काय माझ्या तब्येतीचं?"

"मागे तुम्ही नव्हता ना, त्या दिवशी आम्ही झाडून सगळे हरलो. म्हातारा एकदासुद्धा अडला नाही! एका शब्दाला नाही."

मासे तिथेच विसरून आले.

१५ जून

त्याला काही विचारलं नाही. तिसऱ्या अंकात तो थांबला आणि खड्ड्याकडे बघायला लागला. माझे डोळे भरलेले, पुस्तकातलं एक अक्षर दिसेना. तेव्हा तो टोपाजवळ वाकला आणि पुढचं वाक्य हळूच मला सांगितलं.