हानाची सोयरीक

देवगाव रंगारी,
दि. १२ नोव्हेंबर १९९३

चि. मुंजाबास,
सारजाआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळे खुशाल. तुझी खुशाली मात्र तुझ्या कुत्रीच्या खुशालीतून शोधून काढावी लागते.

मागचं अख्खं पत्र तू तिच्यावरच खर्ची घातलंस. बापाचा गुडघा कसा आहे, एवढं विचारायला शाई संपली वाटतं. कंपनीत यंत्रं बसवायला आलेला जपानी साहेब उन्हाळ्यात मायदेशी गेला आणि जाताना ही पट्टेरी बया तुझ्या गळ्यात मारून गेला. काई का कुठली जात, जपानातसुद्धा थोडीच उरली आहे म्हणे. ती टिकवायचा ठेका बजाजनगरच्या दोन खोल्यांतून तू घेतलास, वा! नाव काय, तर हाना. गल्लीत हाक मारलीस की लोक मारामारी समजून दारं लावत असतील.

असो. आनंदाची बातमी ऐक. परवा आप्पासाहेब जीप घेऊन घरी आले होते. वाळूजकडची त्यांची जमीन कारखान्यांत गेल्यापासून त्यांचे पाय जमिनीला लागत नाहीत. आता कंपन्यांना माणसं पुरवतात, तूही त्यांच्याच हाताखालचा. त्यांच्याकडे त्याच जातीचा नर आहे. त्यांचं म्हणणं, हानाचं पहिलं वेत त्या नरापासून व्हावं, पिल्लं त्यांना द्यावीत, म्हणजे ते तुला कंपनीत कायम करतील. तुझ्या बापानं, आमच्या दादांनी, चार माणसांसमोर देवळात खंडोबाचा भंडारा उचलून शब्द दिला. कुत्रीच्या जिवावर पोरगं कायम होणार, आणखी काय हवं? आता नखरे नकोत.

सूनबाईस आशीर्वाद. लोभ आहेच, तो कुत्र्यांत वाटून टाकू नकोस.
तुझी,
सारजाआत्या

बजाजनगर,
दि. २५ नोव्हेंबर १९९३

ती. सारजाआत्यास,
मुंजाबाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. पत्र वाचून हातातला चहा तसाच राहिला.

आबांनी हे काय करून ठेवलं? आप्पासाहेबांचा नर हानाचा सख्खा भाऊ आहे, एकाच वेतातला. जपानी साहेब त्यांच्या बंगल्यात भाड्यानं राहत होता, म्हणून भाऊ त्यांना दिला आणि बहीण मला. जाताना आम्हा दोघांनाही समोर बसवून त्यानं सांगितलं होतं, की ही दोघं कधीही एकत्र लावू नका. त्यांच्या आईच्या डोळ्यांत पुढं दोष निघाला. भावाबहिणीची पिल्लं काढली तर तो दोष दुपटीनं उतरायचा. जपानात आधी डोळे, मागचे पाय तपासतात, आजा-पणजा बघतात, प्रत्येक पिल्लू कुणाच्या घरी जाणार ते ठरवतात आणि मगच कुत्री लावतात. ते जमत नसेल तर लावत नाहीत.

मी हे आप्पासाहेबांना सांगायला गेलो तर ते हसले. म्हणाले, घरचं रक्त घरात राहिलं तरच माल अस्सल, अस्सल असेल तरच भाव. हेच गृहस्थ नामांतराच्या विरोधात दर आठवड्याला भाषण ठोकतात. विद्यापीठाच्या पाटीवर एक नाव वाढलं तर मराठवाडा बाटेल, अशी त्यांना धास्ती. शुद्धतेची एवढी काळजी, आणि अक्कल मात्र कुत्र्याच्या भावाबहिणीपाशी येऊन अडली.

आबांना हे पत्र वाचून दाखव. माझी नोकरी कायम नाही झाली तरी चालेल. हाना फार भरवशानं माझ्या पायाशी झोपते गं, तिच्याशी असं वागवणार नाही माझ्यानं.

माझ्यावर रागाव, पण माया कमी करू नकोस.
तुझा,
मुंजाबा

देवगाव रंगारी,
दि. ९ जानेवारी १९९४

चि. मुंजाबास,
आशीर्वाद. वि. वि. पत्र दादांना दोनदा वाचून दाखवलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

त्यांचं म्हणणं ऐक. आपल्यात मेंढा वयात आला की दुसऱ्याच्या मेंढवाड्यात द्यायचा आणि त्याचा आपल्याकडे आणायचा. आपल्या मेंढ्यांवर आपलाच मेंढा कुणी सोडत नाही. ही देवघेव तोंडच्या शब्दावर चालते. समोरच्याचा मेंढा परका आहे ना, असं कुणी विचारत नाही, कारण तसं विचारणं म्हणजे शिवी. म्हणून दादांनीही आप्पासाहेबांना विचारलं नाही. एवढा जीपवाला माणूस भावाला बहिणीवर सोडायची मागणी घालेल, हे त्यांच्या डोक्यातच शिरत नाही. ते म्हणतात, पोरगं कुत्रीच्या मोहात पडलं आणि बापाला खोटं पाडायला निघालं.

खरं सांगते, मलाही पटत नाही. आप्पासाहेब उथळ आहेत, पण इतके?

हाना माजावर आली आहे असं तुझ्या बायकोच्या पत्रात होतं. दादा गुरुवारी निघतायत. स्वतः दावं धरून तिला बंगल्यावर नेणार. भंडाऱ्याचा शब्द आहे, आडवा येऊ नकोस.

काळजीत असलेली,
सारजाआत्या

बजाजनगर,
दि. २० जानेवारी १९९४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. आबा काल परतले, पण त्यांच्या तोंडून तुला काही कळलं नसणार. म्हणून लिहितो.

ते आले आणि दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाच्या नावाची घोषणा झाली. आमच्या खात्यातल्या कडुबानं पेढे वाटले, गळ्यात पडून रडला. मग शहरात तणाव, गाड्या बंद. आबा दोन दिवस माझ्या खोलीत हानाकडे पाठ करून बसले. गाड्या सुरू झाल्या तसं त्यांनी दावं उचललं. मी आडवा आलो नाही, आत्या. मागनं चालत राहिलो आणि स्वतःची लाज वाटत राहिली.

बंगल्यावर आप्पासाहेबांची मंडळी जमली होती. नाव गेलं, अब्रू गेली, असा सुतकी कालवा चालला होता. आबांनी आधी नर दाखवा म्हटलं. नर आणला. तेच पट्टे, तसाच छातीवर पांढरा ठिपका. आबांनी त्याचे कान, जबडा, पाय चाचपले आणि हा कुठून घेतला असं विचारलं. आप्पासाहेब मोठ्या ऐटीत सांगते झाले, की दोन्ही एकाच आईची, म्हणून तर अस्सल.

आबांनी हानाचं दावं स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं. सगळ्यांच्या देखत म्हणाले, आमच्या मेंढवाड्यात मेंढासुद्धा परक्याचा आणतेत. तुमच्या घरात सोयरिकीची काय रीत हाय ते ठावं असतं, तर शब्दच दिला नसता.

आम्ही चालत निघालो. रस्त्यात आबा एवढंच म्हणाले, की तू खरं लिहिलं होतंस.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर मला अडवलं, नोकरी गेली. कालपासून एका लहान वर्कशॉपात लागलो आहे, पोटापुरतं होईल. हानाचं ऑपरेशन करून घेणार आहे. इकडे तिच्या जोगता नर नाही, आणि आईचा दोष तिच्यातही असेल. तिचा वंश माझ्या हातून संपणार, याचं वाईट वाटतं. रडलोसुद्धा, हस हवं तर.

तुझा,
मुंजाबा

देवगाव रंगारी,
दि. २ मे १९९४

चि. मुंजाबास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझ्या रडण्यावर हसले नाही रे. मीही तुला खोटं ठरवलं होतं.

आप्पासाहेबांनी तो नर गल्लीतल्या मोकाट कुत्रीला लावला आणि पिल्लं अस्सल जपानी म्हणून विकतायत, हे तुझ्या परवाच्या पत्रात वाचून मात्र पोट धरून हसले. पाटीवर एक नाव वाढलं तर ज्यांचं रक्त बाटत होतं, त्यांनी गावठी पिल्लांना खुशाल परदेशी नाव चिकटवलं! घेणारेही तेवढेच शहाणे.

दादांनी त्याच देवळात, त्याच माणसांसमोर, शब्द मोडला म्हणून सांगितलं. कारण सांगितलं नाही. मी सांगायला उठले तर मला खाली बसवलं. भंडारा उचलून दिलेल्या शब्दाला कारण नसतं म्हणे. गावातल्या दीडशहाण्यांना तेवढंच पुरलं. मेंढे पालटायची वेळ आली तेव्हा दादा दुसऱ्या मेंढवाड्यातल्या सखारामकडे गेले, मग आणखी दोघांकडे. ज्याचा शब्द टिकत नाही त्याच्याशी देवघेव कशी करायची, असं म्हणून तिघांनीही हात वर केले.

आपला मेंढा दावणीलाच आहे. रात्रंदिवस ओरडतो, दावं तोडू बघतो. यंदा आपल्याच मेंढ्यांत सोडा, कोण बघतंय, असं मीच दादांना म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मान वर करवेना. मग उठून त्यांनी दाव्याला आणखी एक गाठ मारली.

यंदा आपल्याकडे एकही कोकरू होणार नाही.

तू ये. हानाला घेऊन ये, दादांनी सांगितलंय.
तुझी,
सारजाआत्या