खाट नंबर सातची हवा

३ फेब्रुवारी, मंगळवार
ठरलं! वृद्धांच्या वॉर्डातले हवेचे नमुने मीच घ्यायचे. तापाची साथ, म्हणून नातेवाइकांना बंदी. हवेत जिवंत विषाणू आहेत का, ते आमच्या प्रयोगशाळेने मोजायचं. मग बंदी उठवायची की नाही ते वरचे ठरवणार. तोवर आत फक्त डॉक्टर, सिस्टर आणि मी.

आणि आत, खाट नंबर सातवर — सासूबाई! मांडीचं हाड मोडलंय. माझ्याशी नऊ वर्षं अबोला. त्यांच्या जॅमच्या बरणीत बुरशी आहे, असं मी पाहुण्यांसमोर जाहीर केलं होतं. सूक्ष्मदर्शक आणून दाखवलीही होती. शहाणा!

बायको म्हणाली, "देवानेच तुला पाठवलं." सूड कुणावर उगवायला, ते नाही बोलली.

४ फेब्रुवारी
यंत्र खाटेशी लावलं. हवा हळूच ओढायची — जोरात ओढली तर विषाणू आपटून मरतात, आणि मेलेले मोजून काय करायचं? ओढलेली हवा बाटलीतल्या पाण्यात जाते. अर्धा तास लागतो. तोवर शेजारी बसायचं. सासूबाईंच्या!

एरवी त्या माझ्याशी बायकोमार्फत बोलतात. आज बायको नाही. इकडेतिकडे पाहिलं आणि यंत्राला म्हणाल्या, "त्यांना सांग, उशी सरकलीय."

सरळ केली.

७ फेब्रुवारी
विषाणूंचे अवशेष ढीगभर, जिवंत एकही नाही. बाटलीतलं पाणी बशीत वाढवलेल्या पेशींवर टाकलं, तरी पेशी ठणठणीत. बाकीच्या वॉर्डांतही अकरा आठवडे हेच चाललंय. आमच्या मॅडम म्हणतात, "चोराची पावलं मिळतात, चोर मिळत नाही."

सासूबाईंनी यंत्राला विचारलं, "सापडला का रे एखादा?"

मीच म्हटलं, "सगळे मेलेले."

त्या यंत्राला म्हणाल्या, "हातगुण!"

१० फेब्रुवारी
आठ नंबरच्या आजींना यंत्र म्हणजे रेडिओ वाटतो. "गाणी कधी लागणार?" विचारत होत्या. सासूबाई फणकारल्या, "गाणी कसली! जावई आहे माझा. मोठा शास्त्रज्ञ!"

मी साधा तंत्रज्ञ. दुरुस्ती केली नाही. एकदा केली होती, नऊ वर्षं भोगतोय.

१३ फेब्रुवारी
भोकं पडली!! बशीतल्या पेशींच्या थरात पाच गोल, स्वच्छ भोकं. एक भोक म्हणजे एक जिवंत विषाणू. टेबलावर चढून नाचायचं तेवढं बाकी ठेवलं. मॅडमनी टाळी दिली. मग बाटलीवरची चिठ्ठी वाचली. खाट सात.

तसाच वॉर्डात पळालो. सिस्टरला सांगून सगळ्या खिडक्या उघडल्या, सातची खाट खिडकीला लावली.

"आई, इथली हवा चांगली नाही. थंडी वाजेल, पण खिडकी लावू देऊ नका."

त्यांनी पाहिलं. यंत्राकडे नाही, माझ्याकडे!

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"पाहिलं."

"मग असेलच. बरणीतही होतीच बुरशी. मला दिसली होती. पण चारचौघांत सांगायचं होतं का?"

"नव्हतं."

"बरं. ती कानटोपी द्या."

१४ फेब्रुवारी
ताप नाही. तीनदा विचारलं. चौथ्यांदा सिस्टर ओरडली.

१५ फेब्रुवारी
ताप नाही.

२० फेब्रुवारी
खिडक्या उघडल्यापासूनच्या नमुन्यांत जिवंत विषाणू शून्य! आठवडाभर सासूबाईंनाही ताप नाही. सोमवारपासून बंदी उठणार. बायकोने पिशवी आत्ताच भरून ठेवलीय.

सासूबाईंना बातमी दिली. वाटलं, खूश होतील.

"म्हणजे यंत्र जाणार?"

"जाणार."

"हं." आणि तोंड खिडकीकडे.

२३ फेब्रुवारी, सोमवार
यंत्र परत आणायला गेलो. सिस्टरला म्हटलं, "सुटलात. आजपासून आजींची लेक येईल."

ती हसायलाच लागली. "हाड मोडलेल्यांना बंदीतही एक माणूस चालतं. लेकीचा पास पहिल्याच आठवड्यात मंजूर झाला होता. आजींनीच फाडायला लावला. म्हणाल्या, जावई येतोय, तेवढा पुरे."

बायकोला कसं सांगू?