फिल्टर विकणारीचा नवरा

चँडलर
जून १९८६

प्रिय नंदा,

तू पार्सिपनीला मीनाक्षीकडे सुखरूप पोचलीस हे तिच्याकडूनच कळलं. फोन तिनेच घेतला. "ताई झोपलीय," म्हणाली. मागे तुझा आवाज येत होता. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. इथे ऊन मी म्हणतंय. तुझ्या मोगऱ्याला दोन्ही वेळा पाणी घालतो. नोकरीचं काही नाही, फीनिक्सहूनही नकारच आला.

शनिवारचा सिनेमा डोक्यातून जात नाही. श्रीरामने किती हौसेने व्हिडिओवर लावला होता. जुना, ब्लॅक अँड व्हाइट, इंग्लंडातला. दारोदार ब्रश विकणारा तो गडी मोठा बंगला दिसला की टाय सरळ करून लॉर्डासारखं बोलायचा, आणि बटलर त्याला मागच्या दाराने यायला सांगायचा. आपल्या मराठी मंडळातले सगळे पोट धरून हसत होते. आधी तूही हसलीस. तो आरशासमोर उच्चार घोटायला लागला, तशी गप्प झालीस. माझी नोकरी गेल्यावर मी घरात बसून राहिलो आणि तू पाण्याचे फिल्टर विकायला घेतलेस. एम.एस्सी. झालेली तू बाथरूममध्ये 'वॉटर' हा शब्द अमेरिकन ढंगाने म्हणून बघायचीस. मी बाहेरून ऐकायचो. मंडळात यातलं काहीही कळू द्यायचं नाही, ही अट माझीच.

मग सुमित्राकाकूंनी सुरुवात केली. "आमच्या नव्या घरी पण आली होती अशी एक. टोपी, काळा चष्मा. बाई आपल्याकडचीच, पण आव मडमेचा. मी दाराच्या भिंगातून बघितलं नि उघडलंच नाही." ते घर त्यांचं, हे तुला ठाऊक नसणार. माझ्या हाताशेजारचा हात तू काढून घेतलास, तेव्हा मला उमगलं. उमगल्यावरही मी म्हणालो, "काकू, पुढच्या वेळी कुत्रा सोडा अंगावर." सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो. तू उठून प्लेटी गोळा करायला लागलीस.

आज सकाळी तुझी फिल्टरची बॅग घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो. बेल दाबण्याआधी दोनदा रस्त्यापर्यंत मागे गेलो. तू हे रोज करतेस. "अरे चारुदत्त, ये ये," काकू म्हणाल्या. मी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, "काकू, त्या दिवशी आलेली बाई नंदा होती. माझी नोकरी कधीच गेलीय. घर तिच्यावर चाललंय." त्यांनी हातातली बॅग बघितली. "तुला माहीत होतं? आणि तू कुत्रा सोडायला सांगितलंस?" मी हो म्हटलं. "फिल्टरचं मी नंदाशी बोलेन," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

हे तुझ्याशी फोनवर बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहितोय. एव्हाना सगळ्या मंडळाला कळलं असेल. कळू दे. तू परत ये असं म्हणायला मला तोंड नाही. आलीस, तर बायको काय करते असं कुणीही विचारलं तरी मी सांगेन. आणि नाही आलीस, तरी सांगेन.

अजून तुझाच म्हणवून घेणारा,
चारुदत्त