पाव्हण्याची भांडी

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पाव्हण्यानं आजही तोंड लावलं नाही. पाचवा दिवस.

सुमनची ती जर्मलची ताटली भंगारात गेली, हेच कारण असावं. सुमन गेल्यावरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, आलेली माणसं पांगली, मग प्रसेनजितनं आणि सूनबाईनं पुण्याला जाता जाता परसू झाडून काढलं. चेपलेली, काळी पडलेली ताटली. लेकाला काय माहीत, कुत्र्याचं ताट आहे ते. मलाही धड माहीत नव्हतं. घर भरलेलं होतं तोवर खात होता. ते गेले आणि बंद.

पाव्हणा हे नाव तिनंच ठेवलं. दाराशी येऊन बसला तेव्हा म्हणाली, दोन दिवसांचा पाव्हणा आहे, जाईल. नऊ वर्षं झाली.

सुमनला जाऊन आज वीस दिवस. रडू आलेलं नाही. येईल म्हणतात.

१४ फेब्रुवारी, शनिवार

माझ्या आमटीच्या वाटीत भाकरी कुस्करून ठेवली. हुंगली. गेला.

१५ फेब्रुवारी, रविवार

क्षमाचा फोन. उमरग्याला दवाखान्यात नर्स आहे, बोलते तशीच. "बाबा, जनावर आहे ते. ताट बदललं की बिथरतं. दोन नीट भांडी बघून घ्या, एक खायला, एक पाण्याला. आणि पुढच्या रविवारपर्यंत खाल्लं नाही तर मी गाडी घेऊन येते. त्यालाही आणते, तुम्हालाही."

"आणि घर?"

"कुलूप."

बरं म्हणालो. लेक चांगली आहे, जावई चांगला आहे. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. पाव्हणा जिना चढत नाही. मी चढतो, पण चढून काय करायचं ते कळत नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

कुंभाराकडून मातीची दोन परळं आणली. एकात पाणी. ते प्याला, बराच वेळ लपलप केली. दुसऱ्यातल्या भाकरीला मुंग्या लागल्या.

म्हणजे पाण्याचं जमलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळच्या गाडीनं तेरहून धाराशिवला. तीस वर्षं याच रस्त्यावर तिकिटं फाडली. आताचा कंडक्टर पोरगा ओळखत नाही. त्याचं बरोबर आहे. पूर्वी तेरणेचा पूल आला की एखादी शाळेतली कविता आपोआप ओठांवर यायची, पाशिंजर हसायचे, मास्तर गायला लागले म्हणायचे. आज चाल आली. शब्द आले नाहीत.

मल्लिनाथच्या भांड्याच्या दुकानात तासभर बसलो. आमच्या लग्नातली भांडी त्याच्या वडलांकडची.

"कुणाला पाहिजे, तात्या?"

"कुत्र्याला."

"मग हे घ्या. खाली रबर हाय, सरकत न्हाय. न्हायतर ही परात. पण परात म्हंजे कुत्र्याची वरात जेवायची व्हय?"

हसला. मीही हसलो असेन. खोल भांड्यात पाव्हण्याच्या मिशा अडकतील, उथळ भांड्यातलं दूध सांडेल. उचलून, वाजवून, ठेवून दिली. शेवटी रबराचंच घेतलं.

"नाव टाकून देऊ का? फुकट हाय."

"कुणाचं?"

"तुमचंच टाका की. कुत्रं काय वाचाया बसलंय?"

नको म्हणालो. घरातल्या प्रत्येक भांड्यावर सुमनचं नाव आहे. तिनंच उभं राहून टाकून घेतलेलं. एका ताटलीवर तेवढं नव्हतं, म्हणून ती भंगारात गेली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

रबराच्या भांड्यालाही तोंड नाही.

पुण्याहून सूनबाईचा फोन. "त्याची भांडी वेगळी ठेवता ना, बाबा? आपल्यांत मिसळू नका." बरोबरच आहे. रोगराई असते. पण "वेगळी" म्हटलं की घसा कोरडा होतो. शाळेत आम्हाला पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. शिपाई जागेवर नसला की नाही. मधल्या सुट्टीनंतर कवितेचा तास. तहानेत म्हटलेल्या कविता, त्याच पक्क्या पाठ झाल्या. त्याच आता जाताहेत.

त्याची सगळी भांडी माझ्या ताटाशेजारी घासून पालथी घातली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

एक वाजता जेवलो. शेजारच्या सारजाबाईंनी भाकरी आणि शेपूची भाजी दिलेली. तांब्याला टेकवून चौथीचं जुनं पुस्तक, नेहमीसारखं. पान उलटलं नाही. चव लागली नाही.

पाव्हण्याच्या बरगड्या मोजता येतात.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सगळी भांडी मागच्या पायरीशी ओळीनं मांडली. परळ, वाटी, रबराचं, वर माझीही एक ताटली. प्रत्येकात थोडं थोडं. खाशील त्यातलं खा. सारजाबाई भिंतीवरून बघत होत्या.

"तात्या, दुकान मांडलंय व्हय?"

म्हटलं, उद्या क्षमा येतेय. हा जेवला नाही तर दोघांनाही नेणार. कोणतं भांडं पसंत पडतंय ते बघतोय.

"भांड्यात काय हाय? सुमनबाई असं वाढून ठिऊन कधी गेल्यात व्हय? तुमचं झालं की आपलं ताट घिऊन ह्याच पायरीवर बसायच्या. येक घास आपण, येक त्येला. त्या पुण्याच्या मंडळींनी पण हितंच पंगत धरली, म्हून खात व्हतं ते."

"रोज?"

"रोज की. दीड वाजता."

"मी कुठं असायचो?"

"तुम्ही आत. चालीवर काय काय म्हणत असायचा. त्या म्हणायच्या, हळू बोल सारजे, त्यांची कविता चाललीय."

सोळा वर्षं झाली रिटायर होऊन. मला वाटायचं, ती स्वयंपाकघरात जेवते.

२२ फेब्रुवारी, रविवार

दीडला ताट घेऊन पायरीवर बसलो. पाव्हणा उठला, पण माझ्याकडं आला नाही. माझ्या मागं, दारात बघत उभा राहिला. बराच वेळ. मग टेकला आणि मी टाकलेला घास खाल्ला. मग दुसरा.

क्षमाला कळवलं, येऊ नको. म्हणाली, "कुठलं भांडं चाललं शेवटी?"

म्हटलं, माझं ताट. मी रोज विचारायचो सुमनला, जेवलीस का. जेवले म्हणायची. मी पान उलटायचो.